शिंगं फुटलेल्या तुडतुड्यांचं कुल

कपाशीचं पान उलटून पाहिलं, की फिकट हिरवे, जेमतेम तीन मिलिमीटरचे किडे शिरांच्या आडोशाने तिरके पळताना दिसतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होऊन मुरडल्या, की तुडतुडे आले हे तो लांबूनच ओळखतो. बांधावरच्या बाभळीवर त्यांचाच एक नातलग राहतो, त्याच्याकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. मातकट तपकिरी रंग, खांद्यांवर दोन शिंगं, पाठीवरून मागे गेलेला वाकडा काटा. फांदीला चिकटून बसला, की तो बाभळीचाच काटा वाटावा. आजूबाजूला मुंगळ्यांची ये-जा चाललेली असते, कारण त्याच्या अंगातून पाझरणारा गोड स्राव त्यांना हवा असतो.

पहिला किडा अम्रास्का बायगट्युला. कीटकशास्त्रात तो लीफहॉपर, कुल सिकॅडेलिडी. दुसरा ऑक्सिरॅकिस टॅरँडस. तो ट्रीहॉपर, कुल मेंब्रॅसिडी. दोन कुलं, दोन स्वतंत्र सूची आणि बहुतेक वेळा अभ्यासकही वेगळे. गेल्या तीसेक वर्षांतल्या संशोधनाने ही वाटणी मुळापासून हलवली आहे. ट्रीहॉपर हे लीफहॉपरांचे शेजारी नसून त्यांच्याच एका शाखेतून निघालेले वंशज आहेत, असं पुरावे सांगतात. मग त्यांचं वेगळं कुल ठेवायचं की मोडायचं?

प्रश्न केवळ नावापुरता आहे असं वाटेल, पण त्याचा पसारा मोठा आहे. सिकॅडेलिडी हे जगातल्या सर्वांत मोठ्या कीटक-कुलांपैकी एक. नोंद झालेल्या जातीच २० हजारांहून अधिक. मेंब्रॅसिडीत तीन हजारांच्या वर जाती आहेत. या दोघांच्या जोडीला तीन छोटी कुलं येतात: एटॅलिऑनिडी, मेलिझोडेरिडी आणि मायर्सलोपिइडी. या पाचांचं मिळून मेंब्रॅकॉइडिया हे महाकुल बनतं. सिकाडा आणि फेसाच्या गोळ्यात पिल्लं वाढवणारे फ्रॉगहॉपर हे त्यांचे जवळचे नातलग.

भाताच्या खाचरात तपकिरी तुडतुडे आणि हिरवे तुडतुडे एकाच धांड्यावर सापडतात, म्हणून त्यांना सख्खे समजण्याची चूक सहज होते. हिरवे तुडतुडे हे लीफहॉपर आहेत. तपकिरी तुडतुडे मात्र प्लँटहॉपरांच्या शाखेतले, आणि ती शाखा सिकाडा-लीफहॉपरांच्या शाखेपासून डायनोसॉर येण्याच्याही आधी फुटली. दिसण्यावरून नातं ठरवण्यातला धोका इथपासूनच सुरू होतो.

१७५८ साली लिनिअसने ही अडचण एका फटक्यात सोडवली होती, कारण त्याने वाटणीच केली नाही. युरोपातल्या ओलसर गवतावरचा हिरवा लीफहॉपर, ज्याला आज सिकॅडेला व्हिरिडिस म्हणतात, आणि शिंगवाला ट्रीहॉपर सेंट्रोटस कॉर्न्युटस हे दोघंही त्याने ‘सिकाडा’ या एकाच प्रजातीत घातले होते. वाटणी पुढच्या पिढीने केली. लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये लीफहॉपरांच्या कुलाचं नाव मांडलं आणि रॅफिनेस्कने १८१५ मध्ये ट्रीहॉपरांच्या कुलाचं. ही दोन सालं लक्षात ठेवण्यासारखी आहेत, पुढच्या निवाड्यात ती उपयोगी पडतात. लीफहॉपरांना दीर्घकाळ जॅसिडी असंही म्हटलं जाई. आपल्या कृषी खात्याच्या पत्रकांत ‘जॅसिड’ हा शब्द अजून टिकून आहे, तो त्या जुन्या कुलनामाचा उरलेला अंश.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून जगभरातून नमुन्यांचा पूर आला. भारतातले नमुने लंडनमध्ये विल्यम लुकस डिस्टंटच्या टेबलावर जात. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतले ऱ्हिंकोटाचे, म्हणजे सोंडेने रस शोषणाऱ्या कीटकांचे, खंड त्याने लिहिले. कपाशीवरच्या तुडतुड्याला त्याने १९१८ मध्ये ‘एम्पोअस्का डेव्हास्टन्स’ असं नाव दिलं, म्हणजे उद्ध्वस्त करणारा. जपानी कीटकशास्त्रज्ञ इशिदा याने काही वर्षं आधीच याच किड्याचं वर्णन केलं होतं. त्यामुळे डिस्टंटचं नाव मागे पडलं आणि इशिदाचं ‘बायगट्युला’ राहिलं. प्रजातीचं नावही मधल्या काळात अनेकदा बदललं. जुनी कृषी पुस्तकं आणि नवे शोधनिबंध शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे दोन वेगळे किडे वाटले, तर दोष त्याचा नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या झीनो मेटकाफने सगळ्या नोंदी एकत्र करण्याचं काम हाती घेतलं. तो १९५६ मध्ये गेला. त्याच्या सूचीचा लीफहॉपरांचा विभाग १९६२ ते १९६८ या काळात, त्याच्या पश्चात, तब्बल सतरा भागांत छापून झाला. मेटकाफने लीफहॉपरांचं एक कुल न मानता अनेक कुलं मानली होती. १९९० मध्ये आलेल्या दुसऱ्या सूचीने पुन्हा एकच कुल धरलं, पण त्याची चाळीस उपकुलं केली. २००५ च्या सुमारास इलिनॉय नॅचरल हिस्टरी सर्व्हेच्या ख्रिस्तोफर डिट्रिच यांनी ती पंचवीसच्या आसपास आणली. दरवेळी किडे तेच होते. बदलत होती ती कुठला फरक किती मोठा मानायचा याची समज.

खरी गोम इथेच होती. ट्रीहॉपर ओळखणं सोपं असतं, कारण त्यांच्या अग्रवक्षाचं, म्हणजे वक्षाच्या पहिल्या खंडाचं, पाठकवच वाढून डोक्यावर किंवा पोटावर पसरलेलं असतं. लीफहॉपर ओळखताना मात्र मागच्या तंगडीवरच्या काट्यांच्या ओळी पाहायच्या आणि पाठीवर असं कवच नाही, याची खात्री करायची. म्हणजे एका कुलाची ओळख काहीतरी असण्यावर होती, तर दुसऱ्याची बऱ्याच अंशी काहीतरी नसण्यावर. वंशवृक्षाच्या शास्त्रात हे चालत नाही. सगळ्या सदस्यांना एका समान पूर्वजाकडून मिळालेलं, इतरांत नसलेलं नवं लक्षण असेल, तरच तो गट खरा. काट्यांच्या ओळी बदललेल्या, कमी झालेल्या रूपात ट्रीहॉपरांतही दिसतात. त्यामुळे तो पुरावा दोघांच्या विभक्तपणाचा ठरत नाही, उलट एकत्रपणाचा ठरतो.

१९९३ मध्ये डिट्रिच आणि लुईस डाइट्झ यांनी शरीररचनेच्या लक्षणांचं पद्धतशीर विश्लेषण करून मेंब्रॅसिडी, एटॅलिऑनिडी आणि मेलिझोडेरिडी ही तीन कुलं एकाच शाखेवर येतात हे दाखवलं. ट्रीहॉपरांची ही एकजूट पुढच्या अभ्यासांतही टिकली. २००१ मध्ये रायबोसोमच्या २८-एस या जनुकाचा क्रम वापरून वंशवृक्ष काढला गेला, तेव्हा ही शाखा लीफहॉपरांच्या शेजारी न उगवता त्यांच्या आत उगवली. एका जनुकावर विसंबून दोनशे वर्षांची वाटणी मोडणं कुणालाच पटलं नसतं, आणि ते बरोबरच होतं.

२०१७ मध्ये मोठं काम आलं. १३८ जातींमधले ३८८ जनुकीय भाग, मिळून डीएनएच्या ९९ हजारांहून अधिक जागा, एकमेकांशी ताडून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष तोच निघाला, आणि या वेळी आधार भक्कम होता: ट्रीहॉपरांची तिन्ही कुलं मिळून एक खरी शाखा होते, आणि ती लीफहॉपरांच्या आत आहे. नंतर वेगळ्या पद्धतीने, पेशीतल्या आरएनएच्या आधारे काढलेले वृक्षही हेच सांगतात. ट्रीहॉपरांच्या सर्वांत जवळ येतात ती उलोपिनी आणि मेगॉफ्थाल्मिनी ही लीफहॉपरांची दोन उपकुलं. ब्रिटनच्या माळांवर हेदरच्या झुडपात उलोपा रेटिक्युलाटा नावाचा किडा राहतो: बुटका, खडबडीत अंगाचा, बहुधा उडता न येणारा. बाभळीवरच्या शिंगवाल्याला कपाशीच्या हिरव्या तुडतुड्यापेक्षा हा ओबडधोबड इंग्रज किडा अधिक जवळचा आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या कुणालाही हे सुचलं नसतं.

ट्रीहॉपरांच्या पाठकवचाने, म्हणजेच शिरस्त्राणाने, अभ्यासकांना इतकं भुलवलं याचं नवल वाटायला नको. लॅटिन अमेरिकेतल्या अंबोनियाचं कवच गुलाबाच्या काट्यासारखं असतं. बॉसिडियमच्या डोक्यावर दांड्यावर बसवलेले केसाळ गोळे असतात. सायफोनियाच्या पाठीवर तर मागे तोंड करून उभी असलेली मुंगी असावी असा आकार असतो. २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात फ्रान्समधल्या बेंजामिन प्रुदोम आणि निकोला गोंपेल यांच्या गटाने एक धाडसी दावा केला. कीटकांना पंख असतात ते वक्षाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडावर. पहिल्या खंडावरचे पंख कोट्यवधी वर्षांपूर्वी दडपले गेले. ट्रीहॉपरांनी ते दडपण उठवलं आणि शिरस्त्राण म्हणजे पंखांची तिसरी जोडीच आहे, असा तो दावा होता. त्याची जगभर चर्चा झाली.

शरीररचनेच्या अभ्यासकांना तो पटला नाही. २०१२ मध्येच दोन स्वतंत्र निबंधांनी दाखवलं, की ज्याला पंखाचा सांधा म्हटलं गेलं तो सांधा नाही. शिरस्त्राण हे स्वतंत्र अवयव नसून अग्रवक्षाचं पाठकवचच वाढून झालेलं आहे. वाद तिथे संपला असं वाटत असताना २०२० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या गटाने एंटिलिया कॅरिनाटा हा ट्रीहॉपर आणि होमॅलोडिस्का व्हिट्रिपेनिस हा लीफहॉपर यांच्या पिल्लांच्या अवयवांतली जनुकं तपासली. लीफहॉपरच्या साध्या पाठकवचात पंखांच्या जनुकांची विशेष हालचाल नव्हती. ट्रीहॉपरच्या शिरस्त्राणात मात्र जनुकांचं काम पंखांतल्या कामाशी लक्षणीय जुळत होतं. म्हणजे अवयव जुनाच, पण तो घडवायला पंख घडवणारी जनुकं कामाला लावलेली. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातलं खरं ते या कामाने नेमकं वेगळं केलं, आणि अलीकडच्या कीटकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कामांपैकी ते एक आहे.

वर्गीकरणासाठी यातून मिळणारी गोष्ट अशी: शिरस्त्राण ही मोठी नवलाई आहे, पण ती एका शाखेच्या वाटचालीत नंतर आलेली आहे. दक्षिण अमेरिकेतल्या एटॅलिऑनचं कवच मागे पसरलेलं नसतं. मेंब्रॅसिडीतल्याही काही गटांत ते माफकच वाढलेलं असतं. एखादी शाखा दिसायला कितीही वेगळी झाली, तरी ती फुटली त्या ठिकाणाहून हलत नाही.

वागण्याची साक्षही जपून घ्यावी लागते. लीफहॉपरांची पिल्लं उड्या मारतात. ट्रीहॉपरांची पिल्लं उडी विसरली आहेत, ती घोळक्याने एका जागी बसतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात. हे ट्रीहॉपरांचं खास लक्षण म्हणावं, तर ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांवर राहणारे युरिमेला गटातले लीफहॉपरही मुंग्यांच्या राखणीत जगतात, आणि त्यांचा ट्रीहॉपरांशी जवळचा संबंध नाही. मुंग्यांशी दोस्ती या महाकुलात एकाहून अधिक वेळा जुळली.

भूगोल पाहिला की गोष्ट आणखी खुलते. मेंब्रॅसिडीची बहुतेक उपकुलं फक्त अमेरिका खंडांत सापडतात. जुन्या जगात दूरवर पसरलेलं उपकुल एकच, सेंट्रोटिनी. आपल्या बाभळीवरचा ऑक्सिरॅकिस त्यातलाच. मेलिझोडेरिडी चिली आणि अर्जेंटिनापुरतं आहे. एटॅलिऑनिडीही अमेरिकेतलंच, अपवाद फक्त डार्थुला हार्डविकी या एका जातीचा. हा लांब शेपटीचा किडा हिमालयात, भारत-नेपाळपासून चीनपर्यंत आढळतो आणि त्याचे सगळे सगेसोयरे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहेत. मायर्सलोपिइडी हे बाकी सगळ्यांच्या आधी वेगळं झालेलं कुल. पालापाचोळ्यात राहणारे, न उडणारे त्याचे इवलेसे किडे न्यूझीलंड आणि चिली या दोनच ठिकाणी मिळतात. दक्षिणेतली खंडं एकमेकांना जोडलेली होती त्या काळाची आठवण देणारा हा नकाशा आहे.

काळाचा पुरावा अपुरा आहे. ब्राझीलच्या क्रेटो भागातल्या, सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत लीफहॉपर सापडले आहेत. ट्रीहॉपरांचे खात्रीचे जीवाश्म मात्र डोमिनिकन प्रजासत्ताक आणि मेक्सिकोच्या राळेतले, म्हणजे फारच अलीकडचे. जनुकांवरून काढलेला हिशेब ट्रीहॉपरांचा उगम क्रिटेशस काळात, डायनोसॉर असतानाच नेतो. या दोहोंमधली पोकळी भरणारा जीवाश्म मिळाला, तर शिरस्त्राण कसं वाढत गेलं हे प्रत्यक्ष पाहता येईल.

शेतात याचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. ऊस गवताळ होतो, वांग्याला पर्णगुच्छ होतो, तिळाच्या फुलांची पानं होतात. ही सगळी फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूंची करामत, आणि ते जिवाणू एका झाडातून दुसऱ्यात नेणारे कीटक बहुतांशी डेल्टोसेफॅलिनी या एकाच उपकुलातले. २०१३ च्या आढाव्यानुसार त्यात ३८ गट, ९२३ प्रजाती आणि ६,६८३ जाती आहेत. वाहक म्हणून नोंद झालेल्या त्यातल्या थोड्याच. कोणाचे जवळचे नातलग वाहक आहेत हे वंशवृक्षावरून कळतं, आणि पुढे संशय कोणावर घ्यायचा हेही. रानातून गोळा करून ठेवलेले लीफहॉपर तपासून त्यांच्या अंगात आजवर न नोंदलेले फायटोप्लाझ्मा शोधण्याचं काम अलीकडे याच विचाराने सुरू झालं आहे.

हापूसच्या मोहोरावर चिकट स्राव सांडून काळी बुरशी आणणारे इडिओस्कोपस आणि अम्रिटोडस हे तुडतुडे आजवर इडिओसेरिनी या उपकुलात शिकवले जात. २०१८ मध्ये बाल्टिक राळेतल्या जीवाश्मांच्या निमित्ताने झालेल्या फेरमांडणीत ते युरिमेलिनीत गेले. म्हणजे कोकणातल्या आंब्यावरचा तुडतुडा आणि ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीवरचा मुंग्यांचा दोस्त आता एका उपकुलात आहेत. कपाशीचा तुडतुडाही आता आशियापुरता राहिलेला नाही: २०२३ मध्ये तो पोर्तो रिकोत, २०२४ च्या अखेरीस फ्लोरिडात सापडला. तिथल्या शास्त्रज्ञांना त्याची नेमकी ओळख पटवण्यासाठी आशियातल्याच नोंदी उघडाव्या लागतात.

आता कुलाच्या निवाड्याकडे. ट्रीहॉपर लीफहॉपरांच्या आत असतील, तर आजचं सिकॅडेलिडी हे अपुरं कुल ठरतं. पूर्वज आहे, पण त्याचे सगळे वंशज आत नाहीत. मार्ग तीन आहेत. ट्रीहॉपरांना सिकॅडेलिडीत सामावून घ्यावं. नाहीतर मेटकाफप्रमाणे लीफहॉपरांची अनेक कुलं करावीत. किंवा सध्या चाललंय तसंच चालू द्यावं. सामावून घेतलं, तर नाव सिकॅडेलिडीच राहील, कारण १८०२ हे साल १८१५ च्या आधीचं आणि नामकरणाच्या नियमांत आधीच्या नावाला मान असतो. असं यापूर्वी घडलेलंही आहे. वाळवी ही झुरळांच्या आतली शाखा असल्याचं २००७ च्या जनुकीय अभ्यासाने पक्कं केल्यावर वाळवीचा स्वतंत्र गण रद्द झाला, आणि कीटकशास्त्राचं काही बिघडलं नाही.

सामावून घेणं हाच योग्य मार्ग आहे. लीफहॉपरांचे तुकडे केले, तर शंभर वर्षांचं कृषी साहित्य दहा-वीस नव्या कुलनामांत विखुरेल आणि शेतीशाळेतल्या विद्यार्थ्याच्या हाती गोंधळाखेरीज काही लागणार नाही. पण हा बदल आज करू नये, हेही तितकंच खरं. ट्रीहॉपर आत आहेत हे पक्कं असलं, तरी लीफहॉपरांच्या मोठ्या उपकुलांचा आपसातला क्रम अजून डळमळीत आहे. ती उपकुलं फार थोड्या काळात एकापाठोपाठ फुटली. एक जनुक एक क्रम सांगतं, दुसरं दुसरा. त्या तळच्या फांद्या स्थिर होण्याआधी कुलं मोडली, तर ती पुन्हा एकदा मोडावी लागतील.

फांद्या स्थिर करायला आणखी जाती हव्या आहेत आणि त्यात भारताचा वाटा तोकडा आहे. बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठात सी. ए. विरक्तमठ यांनी अनेक दशकं लीफहॉपरांवर काम करून भारतीय उपखंडातल्या असंख्य जाती उजेडात आणल्या. ट्रीहॉपरांवर के. एस. अनंतसुब्रमण्यन यांचा ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. या कामांचा पाया बहुतांशी शरीररचनेचा आहे, विशेषतः नराच्या जननेंद्रियांचा, कारण जवळच्या जाती वेगळ्या ओळखण्याची ती सर्वांत भरवशाची खूण. त्याला डीएनएची जोड देण्यासारखे नमुने मात्र फार थोडे आहेत. टाचणीला टोचून वाळवलेल्या जुन्या किड्यातला डीएनए तुटलेला असतो.

महाराष्ट्रातल्या कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी दरवर्षी प्रकाशसापळ्यांत आणि झोळीजाळ्यांत हजारो तुडतुडे पकडतात, मोजतात आणि टाकून देतात. त्यातले थोडे, विशेषतः नर, ९५ टक्के अल्कोहोलच्या कुपीत घालून थंड जागी ठेवावेत. कुपीवर गाव, तारीख आणि किडा ज्या झाडावर होता त्या झाडाचं नाव पेन्सिलीने लिहावं. बांधावरच्या बाभळीवरचे शिंगवालेही त्यात घ्यावेत आणि सह्याद्रीतल्या पालापाचोळ्यातलेही, कारण तिथे फारसं कुणी शोधलेलंच नाही.